युद्ध चालू असताना कचऱ्याच्या डब्याची तक्रार करायची का? युक्रेनमधली छोटी शहरं आणि त्यांच्या नगरपालिका

बर्फवाट (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मी २०१९ ते २०२२ सुमीला मेडिकलला होते. सुमी म्हणजे युक्रेनच्या ईशान्येला, रशियाची हद्द तिथून अगदी जवळ. ८ मार्च २०२२ ला आम्हा भारतीय मुलांना बसमध्ये घालून पोल्टाव्हाला काढलं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितलं असेल, त्याआधी नळाला पाणी नव्हतं तेव्हा हॉस्टेलखाली जाऊन बादलीत बर्फ भरून आणायचा आणि वितळवायचा हेच दिवसभराचं काम होतं.

आमच्या डिपार्टमेंटला कामाला एक बाई होत्या, मी त्यांना मावशीच म्हणायचे, अजूनही बोलणं होतं. त्या आता त्याच प्रांतातल्या एका छोट्या शहरात राहतात, नाव मुद्दाम देत नाही. मध्यंतरी त्यांनी तिथल्या नगरपालिकेच्या टेलिग्राम चॅनेलचा स्क्रीनशॉट पाठवला. वरची पोस्ट गावातल्या एका सैनिकाच्या अंत्ययात्रेची, किती वाजता, कुठल्या रस्त्याने, कारण लोक रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून निरोप देतात. आणि तिच्याच खाली एकाची कमेंट, आमच्या गल्लीतला कचऱ्याचा डबा तीन आठवडे उचललेला नाही, कोण लक्ष देणार?

मला खरंच संताप आला. असं कसं सुचतं माणसाला, त्याच पोस्टखाली? मावशींना तसं लिहिलं तर त्या म्हणाल्या, पोस्ट चुकली त्याची, प्रश्न नाही चुकला, कचरा काय युद्ध संपेपर्यंत घरात ठेवायचा? आणि नगरपालिकेचं उत्तरही त्यांनी दाखवलं. एक ड्रायव्हर सैन्यात गेलाय, एकच उरलाय, तुमच्या गल्लीचा वार आता गुरुवार. बस, एवढंच.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. लढाई राजधानीतून आणि आघाडीवरून चालते, पण माणूस दार ठोठावतो ते गावच्या ऑफिसचं, आणि तिथं बसलेल्या दहा-पंधरा माणसांनी ह्या सगळ्याला तोंड कसं द्यायचं? ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा, वेगळं मत असेल तरी लिहा.

हिशेबनीस

चांगला विषय ताई. मी पैशाच्या बाजूने लिहितो कारण बाकी सगळं त्यावर अडतं.

२०१४ नंतर युक्रेनने विकेंद्रीकरण केलं. हजारो लहान ग्रामपरिषदा एकत्र करून २०२० पर्यंत १,४६९ ह्रोमादा केल्या, म्हणजे एखादं शहर किंवा मोठं गाव आणि त्याच्या भोवतालची खेडी मिळून एक कारभार. खेड्याच्या बाजूने बोलायला तिथं स्टारोस्ता असतो. ह्यांचा मोठा आधार म्हणजे पगारावरचा आयकर, त्यातला ६४ टक्के वाटा गावाच्या बजेटमध्ये राहतो. युद्ध सुरू झाल्यावर ज्या गावात लष्करी तुकडीची नोंदणी होती तिथं सैनिकांच्या पगारामुळे हा आकडा एकदम फुगला आणि शेजारच्या गावात खडखडाट. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून सैनिकांच्या पगारावरचा कर केंद्राने आपल्याकडे घेतला, कारण सैन्यालाच पैसा कमी पडत होता.

दुसरं म्हणजे पैसा खात्यात दिसतो म्हणून खर्च करता येत नाही. सरकारी कोषागार मार्शल लॉमध्ये कुठली बिलं आधी आणि कुठली नंतर ह्या क्रमाने सोडतं, संरक्षण आणि पगार वर, आणि डांबरीकरण, सुशोभीकरण खाली. त्यामुळे नागरिक म्हणतो बजेटमध्ये रस्ता मंजूर आहे मग करत का नाही, आणि ऑफिसातला माणूस म्हणतो मंजूर आहे पण बिल सुटत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

उन्हाळी_पाखरू

मी जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. मला पहिली प्रतिक्रिया बर्फवाटची होती तीच बरोबर वाटते. रोज माणसं मरतायत आणि तुम्ही फुटपाथ आणि डबे घेऊन बसलाय? २०२३ च्या शरद ऋतूत कीवमध्ये लोक महापालिकेपुढे दर शनिवारी उभे राहायचे, पैसे सैन्याला द्या, फरसबंदी नको. इतर शहरांतही पोचलं ते. ती माणसं वेडी होती का? ज्यांचा मुलगा खंदकात आहे त्यांना रस्त्यावर नवीन दगड बसवताना दिसले तर काय वाटत असेल?

मधली_सुट्टी

पाखरू, त्या आंदोलनाशी मी शंभर टक्के सहमत आहे, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय असं वाटतं. फरसबंदी बदलणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं.

मी शिक्षिका आहे म्हणून शाळेचं सांगते. तिथं २०२२-२३ पासून नियमच असा की शाळेला शेल्टर असेल तरच मुलं प्रत्यक्ष वर्गात, आणि शेल्टरमध्ये जेवढी मावतील तेवढीच एका वेळी. म्हणजे तळघरात दोनशे मुलांची जागा आणि शाळेत सहाशे, तर तीन पाळ्या करा नाहीतर आठवडा वाटून घ्या, उरलेली ऑनलाईन. आणि ऑनलाईन म्हणजे लाईट असेल तर. आता त्या गावातल्या आईने नगरपालिकेला विचारलं की तळघराचं काम कधी पुरं होणार, तर हा प्रश्न युद्धाच्या आड येणारा आहे का? हाच तर युद्धाचा प्रश्न आहे. खार्किवने २०२३ मध्ये मेट्रोच्या स्टेशनात वर्ग भरवले, २०२४ मध्ये जमिनीखाली खास बांधलेली शाळा सुरू केली. पण खार्किवकडे मेट्रो होती. वीस हजारांच्या गावाकडे असतं शाळेचं जुनं ओलसर तळघर, तिथं हवा खेळती करायची, दुसरं दार फोडायचं, संडास बसवायचे, आणि हे सगळं टेंडर काढून. २०२२ च्या सुरुवातीला खरेदीचे नियम सैल केले होते, ऑक्टोबर २०२२ मध्ये परत प्रोझोरो ह्या ऑनलाईन खरेदीवर खुली बोली आणली. आणणं बरोबरच होतं, युद्धाच्या नावाखाली पैसे खाणारे असतातच. पण वेळ जातो, आणि तेवढे दिवस मूल घरीच बसतं.

उन्हाळी_पाखरू

शेल्टरचं मान्य. तो मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. फरसबंदीवर मी ठाम आहे.

नळकोंडाळं

आमच्या आवडीचा विषय निघाला म्हणून लिहितो, पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलं माझं.

निकोपोल बघा. नीपर नदीच्या काखोव्का जलाशयाच्या काठावरचं शहर, समोरच्या काठाला एनेर्होदार आणि झापोरिझ्झियाचं अणुवीज केंद्र. २०२२ च्या उन्हाळ्यापासून पलीकडून रशियाच्या तोफा चालूच. आणि ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटलं. धरण फुटलं की आपण खालच्या बाजूच्या पुराचं बघतो, पण वरच्या बाजूला जलाशय आटतो हे लक्षात येत नाही. निकोपोल, मार्हानेत्स, पोक्रोव्ह ह्या शहरांचं पाणी त्या जलाशयातूनच यायचं. पाण्याची पातळी इनटेकच्या, म्हणजे पाणी ओढायच्या तोंडाच्या, खाली गेली की पंप कितीही चांगला असो, ओढणार काय? नळ कोरडे. मग टँकर, बाटल्या, आणि लांबून नवीन मोठी पाइपलाइन.

आता अशा वेळी नगरपालिकेचं खरं काम काय तर पाणी वाटायचं वेळापत्रक, आणि ते पाळायचं. हे मी अनुभवाने सांगतो, लोक पाणी कमी असल्यावर तेवढे चिडत नाहीत जेवढे टँकर येणार सांगून न आल्यावर चिडतात. त्यात तिथं रांग लावायची म्हणजे तोफेच्या माऱ्याखाली माणसं एका जागी गोळा करायची. मग रांग छोटी ठेवायची, जागा जास्त करायच्या, म्हाताऱ्यांना घरपोच द्यायचं, त्याची यादी कुणाकडे? यादी असते ती त्या वॉर्डातल्या समाजसेविकेच्या वहीत. ती बाई गाव सोडून गेली तर यादीपण गेली.

मिकोलाइव्ह मोठं शहर आहे पण तिथला धडा सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये नीपरवरून येणारी मुख्य लाइन लढाईत फुटली, महिनाभर शहर कोरडं. मग खाडीचं खारट पाणी नळात सोडलं, निदान संडास धुता यावेत म्हणून. पिण्याचं पाणी लोक कॅन घेऊन वाटप केंद्रावरून आणायचे. पण खाऱ्या पाण्याने पाइप आतून खाल्ले आणि जागोजाग गळती. निर्णय चूक होता का? मला नाही वाटत, मी तिथं असतो तर मीपण व्हॉल्व्ह उघडला असता, लाखो लोकांच्या शहरात मलनिस्सारण बंद पडलं तर रोगराई होते. पण तो निर्णय घेताना हात थरथरला असेल एवढं नक्की.

रामप्रहर

काका, सुरेख लिहिलंत. वहीतली यादी, अगदी अगदी.

कंदील_७१

लाईटबद्दल थोडं. १० ऑक्टोबर २०२२ पासून वीज केंद्रांवर आणि सबस्टेशनवर ठरवून मोठे हल्ले सुरू झाले. लोड शेडिंगचं गणित असं की राष्ट्रीय ग्रिडची कंपनी सांगते किती मेगावॅट कापायचे, प्रांताची वितरण कंपनी गट पाडून वेळा ठरवते, आणि नगरपालिकेच्या हातात काहीच नसतं. पण शिव्या कोण खातं? नगरपालिका. कारण तिचं दार जवळ आहे आणि तिथं माणूस भेटतो.

त्यावर काही ठिकाणी बरं उत्तर शोधलं. वितरण कंपनीचा तक्ता आला की लगेच गल्लीच्या नावानुसार परत लिहून चॅनेलवर टाकायचा, कारण गट क्रमांक तीन म्हणजे आपण का ते म्हाताऱ्या माणसाला कसं कळणार? आणि वेळ बदलली की तेही टाकायचं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ‘अजिंक्य केंद्रं’ निघाली, शाळेत, ग्रंथालयात, तंबूत. ऊब, पाणी, मोबाइल चार्जिंग, नेट, सगळं फुकट. कागदावर छान. पण जनरेटरला डिझेल कोण भरणार, रात्री किल्ली कुणाकडे, स्टोव्हजवळ कोण थांबणार? काही केंद्रं बंद किंवा थंडगार सापडल्याच्या तक्रारी पहिल्या हिवाळ्यातच झाल्या होत्या आणि मग तपासण्या झाल्या. लोकांनी तक्रार केली म्हणूनच कळलं ना ते.

सातबारा

मी वकील आहे, कागदपत्रांचं कुणी बोलत नाहीये म्हणून उडी मारतो.

घर पडलं किंवा काचा फुटल्या तर भरपाईची योजना केंद्राची आहे, मे २०२३ पासून दिया नावाच्या सरकारी ॲपवरून अर्ज करता येतो. पैसे केंद्र देतं. पण घर बघायला येणारी समिती नगरपालिकेची! ती येऊन पाहणी करते, मोजमापं घेते, अहवाल करते, त्याशिवाय अर्ज हलत नाही. छोट्या गावात एका हल्ल्यात शेकडो घरांचं नुकसान होतं आणि समितीत इंजिनियर एखादाच. मग वाट बघणं आलं.

आणि मालकी. २०१३ पासून मालमत्तेची नोंद राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये होते. त्याआधीच्या घरांच्या नोंदी बीटीआय नावाच्या जुन्या कार्यालयाच्या कागदी फाइलींमध्ये. ज्या आजीने सत्तरच्या दशकातलं घर कधी विकलं नाही, वारस नोंद केली नाही, तिचं नाव रजिस्टरला नाहीच, आणि रजिस्टरला नाही तर ॲपवर अर्ज नाही. आजीला वाटतं नगरपालिका तंगवतेय. खिडकीमागची बाई रोज तेच समजावून थकते. आधी नोंद करून घ्या, मग अर्ज, मग समिती. हे तीन टप्पे एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावले तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

अजून एक. तिथं नागरिकांच्या अर्जांचा कायदा आहे, १९९६ चा. लेखी अर्जाला एका महिन्यात उत्तर द्यायचं, फार गुंतागुंतीचं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस. निनावी अर्ज घेत नाहीत. म्हणजे टेलिग्रामवर विचारलेलं आणि तिथं मिळालेलं उत्तर ह्याला कायद्याने फारसा अर्थ नाही. चॅनेलवर विचारा जरूर, पण महत्त्वाचं असेल तर सही करून अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या.

नळकोंडाळं

आवक क्रमांकाला +१. जगात कुठेही जा, त्याला पर्याय नाही.

हिशेबनीस

चॅनेलवरून आठवलं, एक अडचण राहिली. हल्ला झाला की पहिला प्रश्न, कुठे पडलं? आणि नेमकं तेच ऑफिस लगेच सांगू शकत नाही. मार्च २०२२ मध्ये फौजदारी कायद्यात कलम घातलं, सैन्याची हालचाल, ठिकाणं वगैरे उघड करणं गुन्हा, आणि नेम कुठे लागला हे शत्रूला कळू नये म्हणून हल्ल्याचे फोटो टाकण्यावरही बंधनं आहेत. मग पोस्ट येते की एका ठिकाणी नुकसान झालंय, यंत्रणा काम करतायत. ज्याची आई त्या बाजूला राहते त्याने काय करायचं? मग तो दहा अफवांच्या ग्रुपवर जातो.

मला वाटतं जागा सांगता येत नसेल तर फोन नंबर तरी द्यावा जिथं नाव सांगितलं की माणूस सुरक्षित आहे का एवढं कळेल.

मधली_सुट्टी

ब्रिटनमध्ये असंच काहीसं केलं होतं दुसऱ्या महायुद्धात. युद्ध जाहीर झालं ३ सप्टेंबर १९३९ ला आणि दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला, सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोची पहिली २०० केंद्रं उघडली. बहुतेक स्वयंसेवकच. हरवलेला नातेवाईक, रेशन कार्ड, बाहेरगावी पाठवलेली मुलं, कर्जाचे हप्ते, काहीही विचारा. १९४२ पर्यंत हजाराच्या वर केंद्रं झाली. एक तर घोडे न्यायच्या गाडीत थाटलं होतं, जिथं बॉम्ब पडला तिथं ती गाडी जायची.

आणि ह्याची किती गरज होती ते लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बवर्षावात दिसलं, घर गेलेल्या माणसाला कपड्यांसाठी एक ऑफिस, रेशन कार्डासाठी दुसरं, पैशासाठी तिसरं, आणि तेही बॉम्ब पडलेल्या रस्त्यांवरून पायी. मग सरकारने सप्टेंबर १९४० मध्ये बेघर झालेल्यांसाठी हेन्री विलिंक ह्यांना खास आयुक्त नेमलं आणि हळूहळू एकाच छताखाली सगळी टेबलं आणली. युक्रेनमध्ये त्सनाप म्हणतात ती सेवा केंद्रं युद्धाच्या आधीपासूनच होती हे त्यांचं नशीब म्हणायचं.

रामप्रहर

विस्थापितांचं लिहायला हवं. आघाडीपासून लांबच्या गावांत हजारो लोक येऊन राहिले. त्यांना महिन्याला २,००० रिव्निया, मुलांना आणि अपंगांना ३,००० असा केंद्राचा भत्ता होता, पण राहायला खोली, बालवाडीत जागा, डॉक्टर, हे सगळं गावाकडेच. गावातले म्हणतात आमच्या मुलाचा नंबर होता, आलेल्यांना आधी का? आलेले म्हणतात आमचं घरच नाही. दोघांनाही खोटं कसं म्हणणार? २०२३ मध्ये विस्थापितांच्या परिषदा करायचा नमुना नियम सरकारने काढला, म्हणजे त्यांची माणसं ऑफिसच्या बैठकीत बसून बोलतील. सल्ला देण्यापुरतीच, पण मार्शल लॉमध्ये निवडणुकाच घेता येत नाहीत, तेव्हा बोलायला एवढीच जागा.

उन्हाळी_पाखरू

हे वाचताना निवडणुकांचाच विचार करत होते. २०२० ला निवडून आलेली माणसं अजून बसलीयेत, हटवायची कशी? तिथं मला तक्रारीचं महत्त्व पटलं, खरं सांगते. मत देता येत नसेल तर विचारणं तरी चालू राहिलं पाहिजे.

कंदील_७१

आणि त्या खुर्चीत बसणं म्हणजे काय होतं तेही सांगायला हवं. मेलितोपोलचे महापौर इव्हान फेदोरोव्ह ह्यांना ११ मार्च २०२२ ला रशियन सैनिकांनी उचलून नेलं, पाच दिवसांनी अदलाबदलीत सुटले. त्याच प्रांतातलं द्निप्रोरुद्ने, अगदी छोटं शहर, तिथले महापौर येव्हेन मात्वेयेव्ह ह्यांना १३ मार्चला नेलं. ते सुटले नाहीत. कैदेतच गेले, २०२४ च्या अखेरीस त्यांचा देह परत आला. कीवजवळच्या मोतिझिन गावच्या सरपंच ओल्हा सुखेन्को, त्यांचा नवरा आणि मुलगा, तिघांनाही मारलं. गाव सोडून जाता आलं असतं, लोकांना ब्रेड आणि औषध कोण पोचवणार म्हणून थांबलेली माणसं ही.

सगळेच असे नाहीत, पैसे खाणारेही पकडले गेलेत. पण एक अर्ज उशिरा निघाला म्हणून सरसकट शिव्या देण्याआधी हे आठवावं असं वाटतं.

बर्फवाट (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. सातबारा दादा, तुमचा मालकीचा मुद्दा मावशींना सांगितला. त्यांचं घर त्यांच्या सासऱ्यांच्याच नावावर निघालं, बीटीआयच्या फाइलीत. मागच्या महिन्यात शेजारी ड्रोन पडला तेव्हा त्यांच्या दोन खिडक्या गेल्या, नगरपालिकेने प्लास्टिक आणि लाकडी फळ्या दुसऱ्या दिवशी दिल्या पण भरपाईचा अर्ज अडला तो का ते आत्ता कळलं. त्या नोंदणीला लागल्यात आणि लेखी अर्ज देऊन क्रमांकही घेऊन आल्या, मला फोटो पाठवला त्याचा.

नळकोंडाळं काका, तुमची वहीची गोष्ट ऐकून त्या रडल्या. त्यांच्या गल्लीची वही त्याच ठेवतात, मला माहीतच नव्हतं.

नळकोंडाळं

त्यांना माझा नमस्कार सांग पोरी. आणि वहीची एक नक्कल दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवायला सांग.

मधली_सुट्टी

बर्फवाट, त्या डब्याचं काय झालं शेवटी? गुरुवारी उचलला का?

बर्फवाट (धागाकर्ती)

नाही, शुक्रवारी. पण गुरुवारी संध्याकाळीच चॅनेलवर लिहिलं होतं, गाडी बिघडलीये, उद्या सकाळी येतो.